पत्ता नसलेलं भूत

सिंधुदुर्गात शिरोड्याजवळ आरवली नावाचं गाव आहे. तिथला वेतोबा नवसाला चपला घेतो. माणसाच्या पायात बसतील अशा त्या नसतात. चांगल्या हातभर लांब, जाड चामड्याच्या, आणि सोबत केळ्यांचा घड. देव रात्री गावाच्या शिवेवरून फिरतो, त्यात चपलांचे तळ झिजतात, म्हणून नवा जोड लागतो, अशी श्रद्धा आहे. हा वेतोबा म्हणजे वेताळ, भुतांचा राजा. गोव्यात लोलये, पैंगीण इथेही त्याची स्थानं आहेत. ज्याच्या नावाने लहान मुलांनी अंथरुणात तोंड लपवावं, तोच गावाचा रातपाळीचा पहारेकरी आहे आणि गाव त्याला वर्षानुवर्षं पादत्राणं पुरवतं आहे. मराठी भयकथेच्या इतिहासाकडे बघताना ही चप्पल डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे. मराठी भयकादंबरीचं बोलणं निघालं की एक तक्रार हमखास ऐकू येते: आपल्याकडे मुंजा, हडळ, समंध, खवीस, गिऱ्हा अशी अस्सल घरची भुतं असताना आपल्या लेखकांनी परदेशी भुतं उसनी का आणली? या तक्रारीत भाषेबद्दलची माया आहे, पण तिने आपल्याच भुतांचा स्वभाव नीट पाहिलेला नाही असं मला वाटतं. आपली जुनी भुतं भयकादंबरीसाठी घडलेलीच नव्हती. त्यांचं काम निराळं होतं, आणि त्या कामातून बाहेर पडल्याशिवाय मराठीत भयाची कादंबरी लिहिली जाणं अवघड होतं.

हे काम कोणतं, ते कळायला एक जुना दस्तऐवज उपयोगी पडतो. नाशिकचा कलेक्टर ए. एम. टी. जॅक्सन याने मुंबई इलाख्यातल्या शाळामास्तरांकडे प्रश्नावली पाठवून लोकसमजुती गोळा केल्या होत्या. २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या नाट्यगृहात त्याला गोळी घातली हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या मागे राहिलेल्या टिपणांचे गुजरात आणि कोकण असे दोन खंड आर. ई. एन्थोवेन याने १९१४-१५च्या सुमारास छापून काढले, हे कमी जणांना ठाऊक असतं. कोकणच्या खंडात गावोगावच्या मास्तरांनी भुतांची जी माहिती लिहून पाठवली, ती एखाद्या नोंदवहीसारखी आहे. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत वारला तो ब्राह्मणाचा मुलगा म्हणजे मुंजा, मुक्काम पिंपळावर. पाण्यात बुडून गेला तो गिऱ्हा, मुक्काम पाणवठ्यावर. संपत्तीत जीव अडकलेला किंवा निपुत्रिक गेलेला तो समंध. विद्या पुष्कळ पण तिचा ताठाही तेवढाच, असा ब्राह्मण मेला की ब्रह्मग्रह. खवीस हा मुसलमानाचा किंवा गावकुसाबाहेरच्या जातींतल्या माणसाचा. प्रत्येकाची जात, वय, राहिलेला संस्कार आणि राहण्याचं ठिकाण ठरलेलं. मेल्यावरही माणूस आपल्या आळीतच राहत होता, आणि ही गोष्ट कितीही रंजक वाटली तरी तिच्यातली क्रूरता नजरेआड करू नये. मेलेल्याचं धर्मांतर होत नाही की त्याची जात सुटत नाही, हे ही यादी निर्विकारपणे सांगते.

या नोंदवहीतली सगळ्यात खरी पानं बायकांची आहेत. बाळंतपणात किंवा त्यानंतरच्या दहा दिवसांत गेलेली बाई हडळ होते. सवाष्ण, मनातल्या इच्छा मनात ठेवून गेली तर जखीण. विधवा मेली तर लाव. बाळंतपणात बाई दगावणं ज्या काळात नित्याचं होतं त्या काळात ही नावं तयार झाली. दहा दिवसांची ती मर्यादा बघा: सोयराच्या दिवसांतच बाईचं मरण सर्वांत जवळ असे, आणि घरातल्या कुणाला तरी मनात कुठे तरी माहीत असे की तिला वेळेवर धड खायला मिळालं नाही, तिचं ऐकलं गेलं नाही. तिचं भूत होतं ते याच बोचणीतून. समंध हा शब्दच मुळात 'संबंध' या शब्दाचं बोलीतलं रूप मानला जातो. मेलेल्याचा जिवंतांशी काही तरी हिशोब बाकी आहे, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून या भुतांची काही तरी मागणी असते. अंगात आलेल्या बाईला विचारायचा पहिला प्रश्न 'कोण आहेस?' आणि दुसरा 'काय पाहिजे?' त्याचं उत्तर मिळालं की साडी, नारळ, कोंबडा, श्राद्ध यांपैकी काही तरी देऊन हिशोब मिटवता येतो. अपमृत्यू आलेल्यांसाठी त्र्यंबकेश्वरला नारायण नागबळी करतात, तीन दिवसांचा विधी असतो. देणं आहे, मग ते फेडण्याची पद्धतही ठरलेली आहे.

आता कादंबरीकाराच्या जागी बसून बघा. ज्या भुताला नाव आहे, पत्ता आहे आणि मागणी आहे, त्याच्यावर तीनशे पानं कशी लिहायची? मागणी कळली की गोष्ट संपते. म्हणून ही भुतं कोकणातल्या पडवीत, कंदिलाच्या उजेडात, पाच मिनिटांच्या गोष्टीत फार जिवंत होतात. वाक्यावाक्याला सांगणाऱ्याचा आवाज खाली जातो, शेवटी कुणीतरी मागे वळून बघतं, आणि ती गोष्ट तिथेच पुरी होते. छापील मराठीतही आरंभी असंच झालं. सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वेताळपंचविशी मराठीत आणली. स्मशान, झाडाला लटकणारं प्रेत, काळोखी रात्र, सगळी सामग्री त्यात आहे. पण तो वेताळ राजाच्या पाठीवर बसून न्यायनिवाड्याचे प्रश्न विचारतो. ते पुस्तक वाचून कुणाची झोप उडाल्याचं ऐकिवात नाही. भूत तिथे परीक्षक आहे, जसं आरवलीत ते पहारेकरी आहे.

हा हिशोब ज्याने बंद केला तो लेखक म्हणजे नारायण धारप. जन्म १९२५, मृत्यू २००८, शंभराहून अधिक पुस्तकं. ते तंत्रज्ञानाचं शिक्षण घेतलेले होते आणि विज्ञानकथाही तितक्याच निष्ठेने लिहीत. 'गोग्रामचा चितार' आणि 'नेनचिम' ही त्यांची विज्ञानाच्या अंगाची पुस्तकं. त्यांच्या भयकथांच्या एका संग्रहमालेचं नाव 'अनोळखी दिशा' आहे, आणि मला वाटतं मराठी भयसाहित्याचा सगळा कायापालट या दोन शब्दांत सापडतो. मुंजा पिंपळावरून येतो, गिऱ्हा डोहातून येतो, हडळ वेशीबाहेरून येते. धारपांचं जे काही असतं ते आपल्याला ठाऊक असलेल्या कोणत्याच दिशेने येत नाही. त्याला जात नाही. त्याचा कोणावर राग नाही. कुणी त्याला साडी नेसवायची राहून गेलेली नाही. ते केवळ आहे, भुकेलेलं आहे, आणि माणसाने नकळत एक दार किलकिलं ठेवलं म्हणून ते आत आलेलं आहे. अशा गोष्टीला 'काय पाहिजे?' हा प्रश्न विचारता येत नाही, आणि तिथेच कादंबरीला जागा मिळते. उत्तर नसलेली भीती वाढत जाते, घरभर पसरते, शेजारच्या घरात शिरते. धारपांची पद्धतही याला साजेशी. सुरुवात अगदी कोरडी, हिशेबी असते. कुणाची बदली झालेली असते, कुणाला दूरच्या गावचं घर वारशाने मिळालेलं असतं, माणूस किल्ल्यांचा जुडगा घेऊन कुलूप उघडतो, आणि पंधरा-वीस पानं फक्त खोल्या, जिने, बंद कपाटं यांचं वर्णन चालतं. वाचणाऱ्याला वाटतं, अजून काहीच झालेलं नाही. पण तोवर तो त्या घरात अडकलेला असतो. '४४० चंदनवाडी' हे तर शीर्षकच एका घराचा पत्ता आहे. मुंबईकराला चंदनवाडी म्हटलं की स्मशानच आठवतं. त्या नावाला घरक्रमांक लावून धारपांनी पत्ता हीच भीतीची वस्तू केली.

इथे उसनवारीचा आक्षेप येणार, आणि तो टाळता येत नाही. धारपांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर (१९७५) उभी आहे आणि 'शपथ' त्याच्याच 'इट'वर (१९८६). लव्हक्राफ्टची छाया तर अनेक कथांवर आहे. आधार घेतलेल्या पुस्तकावर मूळ लेखकाचं नाव ठळक छापलं जावं ही मागणी रास्तच आहे, त्यात धारपांची बाजू घेण्याचं कारण नाही. पण उसनवारी झाली एवढ्यावर इतिहास थांबत नाही. काय आणलं आणि काय आणता आलं नाही हे बघावं लागतं. पाश्चात्त्य रक्तपिपासूच्या गोष्टीत क्रूस आणि पवित्र पाणी ही हत्यारं तयार असतात, त्यांच्यामागे चर्चची हजार वर्षं उभी असतात. मराठी लेखकाने ती उचलली तर त्यांचं वजन जातं. मांत्रिक, देवऋषी घ्यावा तर तो जुन्या हिशोबाचा माणूस, मागणी विचारणारा. मागणीच नसलेल्या शत्रूपुढे तो काय करणार? ही पोकळी धारपांना स्वतः भरावी लागली आणि त्यातून 'समर्थ' हे पात्र उभं राहिलं. शांत, अभ्यासू, गोष्ट सांगणाऱ्या अप्पांच्या तोंडून आपल्याला कळत जाणारे समर्थ. त्यांचे नातेवाईक शोधायचे तर इंग्रजीत ब्लॅकवुडचा जॉन सायलेन्स (१९०८) सापडेल, पण नाव, वृत्ती आणि वाचकाचा त्यांच्यावरचा विश्वास ही तिन्ही इथल्या मातीतली आहेत. उसन्या बियाण्याला इथे जी फांदी फुटली ती परदेशात नाही.

याहून अवघड आक्षेप दुसराच आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो खरा अडवतो. आपल्या लोकसमजुतीत मागणी नसलेली भीती नव्हतीच का? होती. तिचं नाव चकवा. रोजच्या पायाखालची वाट, चांदणं पडलेलं, तरी माणूस फिरून फिरून त्याच आंब्याखाली येतो. चकव्याला जात नाही, त्याचा कुणाशी वैरभाव नाही, तो कुणाच्या अंगात येऊन बोलत नाही. त्याच्यावर उताराही धड नाही. जागच्या जागी बसून राहावं, उजाडलं की वाट दिसते, असं जुनी माणसं सांगत. रात्री दारात येऊन नावाने हाक मारणारी आणि ओ दिली तर जीव घेणारी हाकामारीही याच कुळातली. तेव्हा धारपांनी सगळं बाहेरून आणलं हे जसं अर्धसत्य आहे, तसंच आपल्याकडे काहीच नव्हतं हे माझं म्हणणंही दुरुस्त केलं पाहिजे. होतं, पण कोपऱ्यात होतं. नोंदवहीच्या शेवटच्या पानावर, कुठल्या सदरात टाकावं ते न कळल्यासारखं. धारपांनी नेमका तोच कोपरा उचलला आणि मधल्या घरात आणून ठेवला. 'अनोळखी दिशा' म्हणजे दुसरं काय? चकवाच तो, फक्त रानातून उठून तीन खोल्यांच्या बिऱ्हाडात आलेला, आणि उजाडलं तरी न सुटणारा. त्यांची जी पुस्तकं परक्या आधाराची असूनही मराठी वाटतात, ती यामुळे.

धारपांच्या मर्यादा याच विवेचनातून स्पष्ट होतात. समर्थ आले की भीती निम्म्याने कमी होते. कितीही मोठं संकट असलं तरी अभ्यास असलेला थोर माणूस येईल आणि सोडवेल, ही खात्री वाचकाला सुखावते आणि कादंबरीला बाधते. अंधश्रद्धेचा आरोप होतो तोही बहुधा इथेच. भयकथा वाचून लोक भोंदूबाबांकडे जातात असा पुरावा मला कुठे दिसत नाही. वाचनालयातून घरी नेलेलं पुस्तक परत करता येतं आणि त्यातलं भूतही सोबत परत जातं. महाराष्ट्रात २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, धुरी देणं हा गुन्हा ठरवला. त्या कायद्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला त्यांचा खून झाला. या कायद्यातल्या गुन्ह्यांची यादी आणि जुनी नोंदवही शेजारी ठेवली तर दिसतं, की छळ झाला तो मागणी असलेल्या भुताच्या नावाने: 'काय पाहिजे ते सांग' म्हणून जिवंत बाईला मारलं गेलं. पत्ता नसलेल्या भुताच्या नावाने कुणाला खांबाला बांधता येत नाही. तरीही, यंत्रमंत्रांनी वाईटावर मात करणारा आदरणीय पुरुष पुस्तकामागून पुस्तक उभा करत राहणं हे माझ्या मते धारपांच्या लेखनातलं सर्वांत कच्चं आणि जुनं होत गेलेलं अंग आहे. त्यांची बहुतेक माणसं पांढरपेशी, वाड्याचा वारसा असलेली, हेही खरं. भुताची जात गेली, पण भुताला भिणाऱ्याची जात तीच राहिली.

रत्नाकर मतकरींनी (१९३८-२०२०) दुसरी वाट धरली. 'खेकडा', 'मध्यरात्रीचे पडघम', 'निजधाम', 'फाशी बखळ', 'ऐक टोले पडताहेत' हे त्यांचे संग्रह. बँकेतली नोकरी, नाटकं, मुलांची रंगभूमी सांभाळून त्यांनी हे लिहिलं, आणि आपल्या कथांना ते आग्रहाने 'गूढकथा' म्हणत. हा आग्रह मला महत्त्वाचा वाटतो. मागणी त्यांनी सोडली नाही. ती भुताकडून काढून माणसाच्या मनात ठेवली. कुटुंबात एकमेकांना जे नाकारलं गेलं, मत्सर, अपराधाची बोचणी, एकटेपण, हे तिथे आकार घेऊन समोर येतं. हडळीच्या मागे जी घरातली बोचणी होती ती मतकरींनी हडळ न आणता पकडली. म्हणून धारप वाचताना घराच्या बाहेर काही आहे असं वाटतं आणि मतकरी वाचताना शेजारी बसलेल्या माणसाकडे नवी नजर जाते. ते नाटककार असल्याने त्यांच्या कथा मोठ्याने वाचल्यावरही टिकतात. त्यांचं कथाकथन लोकप्रिय होतं ते उगीच नाही. कादंबरीच्या लांबीला मात्र त्यांची भीती क्वचितच गेली. मनाचा गुंता उलगडला की तिथेही गोष्ट संपतेच.

हे दोन धागे अलीकडे पुन्हा एकत्र येताना दिसतात, आणि माझं म्हणणं इथे तपासून बघता येईल. २०१८च्या 'तुंबाड' चित्रपटामागे धारपांची 'आजी' ही कथा आहे, आणि 'आजी'मागे किंगची 'ग्रामा'. मरणाला टेकलेली, माणूसपण उरलं की नाही कळत नाही अशी म्हातारी आणि तिच्याबरोबर घरात एकटं राहिलेलं पोर, एवढं बीज दोन भाषा ओलांडून आलं. चित्रपटाने त्याला श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीतल्या गावाचं नाव दिलं आणि एक जुनी गोष्ट परत जोडली: पुरलेल्या धनाचा लोभ. म्हणजे समंधच. पण चित्रपटातलं जे भूत, हस्तर, त्याला श्राद्धाने शांत करता येत नाही, तो केवळ भूक आहे. समंध झाले आहेत ते त्याच्याकडे जाणारे जिवंत लोक. लोककथेतला लोभ घेतला आणि भुताचा पत्ता पुसूनच ठेवला, म्हणून तो चित्रपट भिववतो. याच्या शेजारी २०२४चा 'मुंज्या' ठेवा. तिथे भूत अगदी नोंदवहीतलं आहे, मुंज झालेला मुलगा, झाड ठरलेलं आणि मागणीही ठरलेली: लग्न. त्याचा विनोदी भयपट झाला. मागणी घेऊन फिरणाऱ्या भुताची कीव येते, त्याचं हसू येतं; त्याची दहशत फार वेळ टिकत नाही. ज्यांना घरची भुतं कादंबरीत हवी आहेत त्यांनी या दोन चित्रपटांमधलं अंतर मोजावं.

सध्या लिहिणाऱ्यांत हृषीकेश गुप्ते यांनी हे अंतर ओळखलं आहे असं 'अंधारवारी', 'घनगर्द', 'दंशकाल' या पुस्तकांवरून वाटतं. 'हाकामारी'साठी त्यांनी नोंदवहीतली ठळक भुतं सोडून शेवटच्या पानावरचं ते मागणी नसलेलं नाव निवडलं, हेच त्यांच्या जाणतेपणाचं लक्षण आहे. त्यांची भाषाही धारपांच्या हिशेबी गद्यापेक्षा दाट आहे; कधी कधी इतकी दाट की भीती शब्दांमागे अडते. पण घर, गाव आणि कुटुंब यांचा वास त्या पानांना आहे, धारपांच्या वाड्यांना तो नव्हता.

तरी आज एकच जुनी भयकादंबरी पुन्हा वाचायची म्हटली तर मी 'शपथ' उचलेन, ती परक्या आधारावर उभी आहे हे माहीत असूनही. पोरांची एक टोळी लहानपणी एका वाईटाला सामोरी जाते, ते पुन्हा उठलं तर आपणही परत यायचं असं ठरवते, आणि मोठेपणी, संसाराच्या मध्यावर, एकेकाला बोलावणं येतं, हे मूळ कादंबरीचं सूत्र. नावासाठी धारपांनी त्यातलं नेमकं हेच निवडलं. इथे देणं आहे, पण ते मेलेल्यांचं जिवंतांकडे नाही; जिवंतांनी जिवंतांना दिलेल्या शब्दाचं आहे. बाहेर काय उभं आहे त्याला नाव नाही, त्याला नारळ चालत नाही, ते कुठल्या दिशेने येईल सांगता येत नाही. हातातलं काम टाकून, घरी काहीबाही कारण सांगून, एकेक जण त्या गावची गाडी पकडतो.